उ गिळायचा

घाटकोपर, पंतनगर. खाली पिठाची गिरणी,
वर आमचा जपानीचा वर्ग, सात ते साडेआठ.
बारा खुर्च्या, अकरा माणसं,
एका खुर्चीचा पाय गेलेला.
पहिल्या दिवशी सांगते: देसु असं लिहायचं, पण उ गिळायचा.
बोलताना नुसतं देस.

रामसूरत निषाद उठतो.
साकीनाक्याला नऊ वर्षं वेल्डिंग, डोळ्यांच्या कडा अजून लाल.
वाताशि वा रामसूरत देस.
मग शाइस्ता देस. लालमुनी देस. मंगरा देस.
प्रत्येकाच्या नावामागे एक देस उभा राहतो
आणि शेवटच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच,
"मॅडम, देस तो हम गाँव को बोलते हैं."
हो, म्हटलं, तसंच म्हणा. विसरणार नाही.

माझी हिंदी भाजीवाल्याकडून शिकलेली.
त्यांचा जपानचा रस्ता तिच्यातून जातो,
खड्डे सगळे माझे.

हाइ म्हणजे हो. 'है' नव्हे.
सुमिमासेनला शाइस्ता अडते: माफी है या शुक्रिया?
दोन्ही. वेटरला हाक मारायची तरी तेच,
कुणी लिफ्ट धरून ठेवली तरी तेच.
मला 'अहो' सुचतं.
'अहो'ला हिंदी कुठून आणू?
म्हणून करूनच दाखवते: मान जराशी खाली, हात जोडायचे नाहीत,
आपण जागा अडवतोय असं वाटून उभं राहायचं.
राजावाडीत आयाचं काम करणारी शाइस्ता म्हणते,
"समझ गई. हम तो दिन भर ऐसे ही खड़े रहते हैं."

मग इत्तेकिमास. घरातून निघताना.
तुमच्याकडे काय म्हणतात?
"जा रहे हैं." "चलते हैं."
लालमुनी म्हणते, काही नाही, निघणाऱ्याला टोकत नाहीत.
आमच्याकडे, मी सांगते, 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात.
जाताना येतो?
जाताना येतो.
अकराही जण खाली मान घालून लिहितात,
जपानीच्या वहीत मराठी.

तादाइमा, परत आल्यावर.
आतून उत्तर येतं, ओकाएरी.
"और अंदर कोई न हो तो?" रामसूरत विचारतो.
असल्फ्याच्या खोलीत ते सहा जण, पाळीपाळीने झोपणारे.
हा पोचतो तेव्हा कुणी घोरत असतं, कुणी निघून गेलेलं.
पुस्तकात याचं उत्तर नाही.
कुलपाला म्हणा, मी म्हणते.
हसतात. मंगरा हसत नाही, तेही लिहून घेतो.

"मॅडम, आप कितनी बार गई हैं जापान?"

गिरणी नेमकी तेव्हाच बंद पडते.

मादा देस.
वर्ग खो खो हसतो. मादा!
मी फळ्याकडे वळते. मादा म्हणजे... 'अभी नहीं' लिहिते,
मग मधे वर बाण काढून 'तक' घुसवते.
खडू मोडतो. फळ्यावर तसंही रोज पीठ असतं,
कुठलं खडूचं, कुठलं खालून आलेलं, कळत नाही.

पुढच्या मार्गशीर्षात रामसूरतचे कागद आले.
नागोयाजवळ कुठलासा कारखाना.
बॅग दाराशी ठेवून उभा राहिला, चप्पल न काढता.
मी उत्तर तयार ठेवलं होतं, इत्तेराश्शाइ,
इतके महिने घोटून घेतलेलं, श ला नीट जोर देऊन.
तो म्हणाला,
"येतो, मॅडम."

उ नव्हता त्यात कुठे.
मी तरी काहीतरी गिळलं,
आणि म्हटलं, ये.

जिन्यात त्याची बॅग दोनदा आपटली.
मग खालून गिरणीवाला ओरडला, डबा कुणाचा राहिलाय?
माझाच. ज्वारीचा.
हाताला अजून गरम लागत होता.